हात यंत्राचे, तोंड माणसाचे

चंद्रपूर-गडचिरोलीत रोबो अजून पोहोचला नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी पानठेल्यावर जरा उभं राहावं. पूर्वी सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा हाताने घोटत. घोटणाऱ्याचे दंड भरून यायचे. मग विजेवर चालणारं घोटाईचं यंत्र आलं. मिक्सरच्या चटणीला आजन्म नावं ठेवणाऱ्या आम्हा लोकांपैकी कोणी ‘हातच्या खर्ऱ्याची मजा गेली’ असं म्हटल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

गडचिरोलीत 2016 पासून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या ‘मुक्तिपथ’ला ना यंत्र हवं, ना खर्रा, आणि तोंडाच्या कर्करोगाकडे पाहता त्यांचंच खरं. पण ठेलेवाल्याची धंद्यातली अक्कल मानावी लागते. त्याने हात यंत्राला दिले आणि तोंड स्वतःकडे ठेवलं. धानाला बोनस कधी मिळणार, कोणाच्या पोरीचं जुळलं, कोणाची उधारी किती तुंबली, ही खाती त्याने यंत्राकडे सोपवलेली नाहीत.

जपानी हॉटेलवाल्यांनी नेमकं तोंडच यंत्राला दिलं. नागासाकी प्रांतात 2015 मध्ये ‘हेन ना’ हॉटेल उघडलं, तेव्हा स्वागताला डायनासोर उभा होता. खोलीत ‘चुरी’ नावाची बोलकी बाहुली. एक पाहुणा घोरू लागला की ती त्याला उठवून विचारायची, ‘काय म्हणालात, कळलं नाही.’ 2019 पर्यंत हॉटेलने आपल्या 243 रोबोंपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकले. काम कमी करायला आणलेल्या रोबोंनी माणसांचंच काम वाढवलं होतं. आमच्याकडच्या बाराती लोकांच्या खोलीत ही बाहुली ठेवली असती, तर बिचारी पहाटेपर्यंत माफीच मागत बसली असती.

उलट ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत 2023 मध्ये एआय कॅमेरे लागले. गावाकडे येणारा वाघ ओळखून ते इशारा देतात. रात्रभर वाघाची वाट पाहत वेशीवर बसण्याची नोकरी गेली म्हणून मोर्चा कोण काढणार?

पण त्याच जंगलातल्या जिप्सीतला गाइड काढून कॅमेरा बसवून पाहा. वाघ कुठे आहे हे कॅमेरा कदाचित अचूक सांगेल. पण वाघ न दिसलेल्या फेरीत ‘साहेब, काल सायंकाळी इथीच बसून होती ना!’ असं म्हणून पुढच्या वळणापर्यंत आशा जिवंत कोण ठेवणार? पाहुणा वाघाचे पैसे देतो असं आपल्याला वाटतं. निम्मे तरी तो या आशेचे देतो.

म्हणून आमच्याकडचा हॉटेलवाला रोबोला नाही म्हणतो तेव्हा त्याला लगेच मागासलेला म्हणू नये. विजेची अडचण नाही. 2920 मेगावॅटचं वीज केंद्र चंद्रपूर शहराच्या उशाला आहे. पोऱ्याच्या पगाराशी रोबोची किंमत जुळत नाही, हे एक कारण. दुसरं तो बोलून दाखवत नाही: चहा थंड आला की गिऱ्हाईक पोऱ्यावर ओरडतं, मालक पोऱ्यावर ओरडतो, आणि गिऱ्हाईक शांत होऊन दुसरा चहा मागवतं. रोबोवर ओरडून कोणाचं समाधान होणार? मग गिऱ्हाईक थेट मालकाकडेच येईल.