दुष्टपणाचा रीतसर परवाना

जगाचा सत्यानाश करायचा तर आधी सभासदत्व घ्या, मग शत्रू मंजूर करून घ्या आणि मगच हल्ला चढवा! ‘द व्हेंचर ब्रदर्स’ या अमेरिकी, फक्त मोठ्यांसाठीच्या ॲनिमेशन मालिकेत (ॲडल्ट स्विम वाहिनी, 2004 पासून) खलनायकांची चक्क संघटना आहे. कोणी कोणाचा सूड घ्यायचा, हे तीच ठरवते. फुलपाखराचे पंख लावून मिरवणारा मोनार्क डॉ. व्हेंचरचा जिवापाड द्वेष करतो, पण एकदा संघटनेने त्याच्यासाठी तो शत्रूच बंद केला. मनापासून द्वेष करणाऱ्याची ही अशी बदली! आमच्याकडे निदान मंत्र्याची चिठ्ठी तरी चालते.

आणि हे डॉक्टर तरी कोण? साठच्या दशकातल्या ‘जॉनी क्वेस्ट’ कार्टूनछाप साहसी पोराचं टक्कल पडलेलं, गोळ्यांवर जगणारं उत्तररूप. कर्तबगारी सगळी तीर्थरूपांची. एका भागात पैशांची चणचण भागवायला तो घरातली यंत्रं अंगणात मांडून विकायला काढतो. गिऱ्हाईक कोण, तर अख्खी खलनायक मंडळी! त्या दिवसापुरती मारामारीला मनाई, त्यामुळे विश्वविध्वंसक मुकाट्याने सेकंडहँड माल चाळताहेत.

2020 मध्ये ही मालिका वाहिनीनेच बंद केली. 2023 मध्ये एका चित्रपटात तिची निरवानिरव झाली. सात सीझन पुरून उरलेल्या मंडळींना शेवटी गाठलं ते वरच्या ऑफिसने. तिथे संघटनेचं काही चाललं नाही.