दहावा माणूस
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर नऊ खुर्च्या, मोटारीतल्यासारख्या तीन ओळींत. कलाकार त्या मोजत येतो. पुन्हा मोजतो. डोकं खाजवतो.)

मंडळी, महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. चिंतामणराव देशमुखांचं गाव. १८९६चा जन्म इथला, आणि १९४३ साली माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर! म्हणजे हिशेब गावच्या पाण्यातच. तरी इथलं एक कुटुंब युरोपच्या सहलीत एकाच आकड्याला अडलं.

आजी, थोरले काका-काकू, धाकटे काका-काकी, म्युनिकला नोकरी करणारा पुतण्या, त्याची बायको आणि चार नि नऊ वर्षांची दोन पोरं. झाले नऊ. तेवढ्यात आत्या म्हणाली, "मला कोण विचारतंय म्हणा!"

झाले दहा.

बेत असा, की म्युनिकला गाडी भाड्यानं घ्यायची आणि स्वित्झर्लंड करत इटलीत उतरायचं. (थोरल्या काकांच्या आवाजात) "दहा तर दहा! आपल्या मिनीडोरात माणसं मोजतो का कोणी? सरकून बसायचं!"

(खुर्चीच्या कडेवर अर्धा टेकतो. घसरतो.)

पण युरोपात साध्या मोटारीच्या लायसन्सवर माणसं नऊ, तीही ड्रायव्हर धरून. दहावी जागा आली की कायद्याच्या लेखी ती बस झाली, लायसन्सही बसचंच पाहिजे. काकी म्हणाल्या, "धाकटीला मांडीवर घेते की मी." मांडीचा तर विषयच नाही! जर्मनीत बारा वर्षांखालचं आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा बुटकं पोर असेल, तर त्याला खास बालआसन लागतं. आजींनी विचारलं, "दीडशे म्हणजे किती रे?" पुतण्या म्हणाला, "चार फूट अकरा इंच." आजींनी पदर सावरला. "पण मी बाराच्या वरची आहे हो, त्यांना सांगून ठेव."

मग पर्याय निघाला ड्रायव्हरसकट मिनीबसचा. तिकडे बसच्या ड्रायव्हरनं साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती घ्यायची. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आणि गाडीतलं यंत्र ह्या सगळ्याची नोंद ठेवतं, त्यामुळे थाप चालत नाही. काका उखडले, "आपला ड्रायव्हर रात्री नात्याहून निघतो तो सकाळी पंढरपुरात चहा मागतो!" आत्याला मात्र हा ड्रायव्हर फार आवडला. आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता गाडी थांबवणारा पुरुष भेटत होता. पण भाड्याचा आकडा ऐकून तिनंही मान फिरवली.

तेव्हा ठरलं, दोन गाड्या. हे बरंच झालं म्हणायचं. नऊ आसनांच्या गाडीत नऊ माणसं बसली की मागे सामानाला जागा ती किती? आणि ह्यांच्याकडे लाडवांचीच एक बॅग होती.

आता चालवणार कोण? सगळ्यांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्यानं खिडकीबाहेर पाहिलं. जर्मनीत राहायला गेलं की सहा महिन्यांनी भारतीय लायसन्स तिथे चालत नाही, त्यांचं काढावं लागतं. ह्यानं ते काढलंच नव्हतं. दोन्ही काका पडले पाहुणे. पेणच्या आरटीओकडून हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन आलेले, वर्षभराच्या मुदतीचा. तेव्हा जर्मनीत मुरलेला पोरगा मागच्या सीटवर आणि परवा विमानातून उतरलेले काका स्टिअरिंगवर. तेही डावीकडच्या!

(खुर्ची उजवीकडून डावीकडे नेतो. गिअर टाकायला हात डावीकडे जातो, दारावर आपटतो.)

काउंटरवरच्या मुलीनं अनामतीसाठी क्रेडिट कार्ड मागितलं, तेही ज्याच्या नावावर करार त्याचंच. काकांनी ऐटीत कार्ड दिलं. यंत्रानं नाकारलं. काका छाती काढून म्हणाले, "रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आमच्या गावचे!" पुतण्यानं हळूच कान धरला, म्हणजे काकांचा. "काका, कार्डावर परदेशातले व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालू होत नाहीत. हा नियम रिझर्व्ह बँकेचाच आहे, २०२०चा."

निघाले. स्वित्झर्लंडच्या महामार्गाला टोलनाके नाहीत, एक पथकर भरायचा, गाडीमागे ४० फ्रँक. दोन तास फिरा नाहीतर वर्षभर, रक्कम तीच. काकूंनी हिशेब केला. "वर्षाचे पैसे घेतलेत ना? मग दिवाळीपर्यंत राहू." गॉटहार्डचा बोगदा लागला, १९८० साली खुला झालेला, जवळजवळ १७ किलोमीटरचा. पोलादपूरकडच्या माणसाला कशेडीचा दोनेक किलोमीटरचा बोगदा म्हणजे अपूर्वाई. धाकटे काका पाच मिनिटांनी म्हणाले, "संपला कसा नाही?" दहा मिनिटांनी आजींनी रामरक्षा सुरू केली. बाहेर ऊन दिसलं तेव्हा तिची दुसरी फेरी चालू होती.

आणि मग फ्लॉरेन्स. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागात परवानगीशिवाय बाहेरची गाडी नेता येत नाही. तिथे हवालदार नसतो, दोरी नसते, फक्त एक पाटी आणि कॅमेरा. काकांना पाटी दिसली, वाचता आली नाही. कॅमेरा दिसला, तर त्यांनी हसून हात केला. मागून धाकट्यांची गाडी. त्यांनीही केला.

(हात हलवतो. हात तसाच वर राहतो.)

आता सगळे सुखरूप घरी आलेत. भाड्यानं गाडी देणारे गुन्हा कोणाच्या हातून झाला ते पोलिसांना कळवतात, आणि ते कळवण्याचे पैसे तुमच्याच कार्डातून कापतात. ते कापून झालेत. दंडाची नोटीस अजून यायची आहे. परदेशातल्या माणसाला ती पाठवायला इटलीच्या कायद्यानं ३६० दिवसांची मुदत दिली आहे.