भाविक उमेदवारासाठी प्राथमिक धडे

रिपब्लिकन पक्षातर्फे अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभं राहायचं तुमचं नक्की झालं आहे, असं गृहीत धरू. तुम्ही दर रविवारी चर्चला जाता, गर्भपाताला तुमचा विरोध आहे, बायको एकच आणि तीही पहिलीच आहे, आणि हे सगळं तुम्ही मनापासून करता. यातलं ‘मनापासून’ तेवढं लक्षात असू द्या, पुढे तेच नडतं.

आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येतं. तिथे ते राज्याराज्यांतून गोळा करत आणावं लागतं. प्रत्येक राज्यात पक्षांतर्गत मतदान होतं, कुठे प्रायमरी तर कुठे कॉकस, आणि त्या हिशोबाने, उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी पदरात पडतात. २०१६ साली रिपब्लिकन उमेदवारीला १,२३७ प्रतिनिधी लागत होते. असला आकडा आधी पाठ करा. भाविक उमेदवाराला वचनं पाठ असतात, आकडा नसतो. २००८च्या फेब्रुवारीत आकडे आता जुळायचे नाहीत असं जो तो सांगत होता, तेव्हा शर्यतीतले एक उमेदवार माइक हकाबी यांनी आपला विषय गणित नव्हता, चमत्कार होता, असं उत्तर दिलं. सभेने टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात ते शर्यतीतून बाहेर पडले.

सुरुवात आयोवापासून करायची, कारण कॉकसचा पहिला मान तिथला. राज्य मक्याचं आणि डुकरांचं. वस्ती तीस लाखांच्या आसपास, काउंट्या ९९. या ९९च्या ९९ काउंट्यांत पाय लावून यायचं असतं, आपल्या पंचक्रोशीतले देव फिरून यावेत तसं. २०१२च्या निवडणुकीसाठी रिक सँटोरम यांनी हे केलं. पैसे नव्हते म्हणून एका कार्यकर्त्याच्या पिकअप ट्रकमधून केलं, आणि अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. तो स्वेटर पुढे इतका गाजला की प्रचारात त्याचीच जाहिरात झाली.

मुक्काम कुठे करायचा? पिझ्झा रँच. ही आयोवातल्याच हल गावात १९८१ साली निघालेली हॉटेलांची साखळी. नाव पिझ्झ्याचं असलं तरी गर्दी तळलेल्या कोंबडीच्या बुफेवर असते. मालक मंडळी श्रद्धाळू, आणि मागच्या बाजूची खोली सभेला मिळते. तिथे वीस-पंचवीस माणसं ताटं घेऊन बसलेली असतात. तुम्ही उभं राहायचं आणि कुटुंब, गर्भ, न्यायाधीश या क्रमाने बोलायचं. न्यायाधीश विसरू नका. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायमूर्तींना २०१० साली इथल्याच मतदारांनी मतपेटीतून घरी पाठवलं होतं. मधे कुणीतरी इथेनॉलबद्दल विचारील. इथेनॉल मक्यापासून बनतं, त्याबद्दल चांगलंच बोलायचं. भूक लागली असेल तर सभेआधी खाऊन घ्या. आधी पोटोबा हा नियम तिथेही लागू आहे, कारण तोंडात घास असताना फोटो काढणारा नेमका समोर बसलेला असतो.

कॉकस म्हणजे काय, हे समजलं की तुमच्यासारख्यांचं तिथे का फावतं ते कळतं. कडाक्याच्या थंडीत, जानेवारीतल्या रात्री लोक शाळेच्या व्यायामशाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमतात. प्रत्येक उमेदवारातर्फे कुणीतरी दोन शब्द बोलतं, मग कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून मत टाकायचं. बर्फातून एवढ्यासाठी कोण बाहेर पडतं? २०१२ साली जेमतेम सव्वा लाख पडले. रविवारी एका बाकावर बसणाऱ्यांना एका रात्री एकत्र आणणं फार अवघड नसतं. मतदारांतही सोवळ्यातली माणसं जास्त: २०१६च्या पाहणीत आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला आलेल्यांपैकी ६४ टक्क्यांनी स्वतःला इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट, म्हणवलं. म्हणून २००८ला हकाबी, २०१२ला सँटोरम आणि २०१६ला टेड क्रूझ, असे तीन भाविक ओळीने आयोवा जिंकले. त्याही आधी, १९८८ साली, दूरचित्रवाणीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन दुसरे आले होते आणि उपाध्यक्ष जॉर्ज बुश तिसऱ्या क्रमांकावर ढकलले गेले होते. त्या वर्षी अध्यक्ष कोण झालं, हे वेगळं सांगायला नको.

जिंकलात तरी जिंकल्याचं कळेलच असं नाही. २०१२च्या त्या रात्री मिट रॉमनी आठ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं. अधिकृत पडताळणी होऊन, आठ केंद्रांची कागदपत्रं सापडतच नाहीत हेही कळून, १९ जानेवारीला सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. मिरवणूक काढायची वेळ तोवर निघून गेली होती. गंमत त्याच्याही पुढची आहे. टॅम्पाच्या अधिवेशनात आयोवाच्या २८ मतांपैकी २२ मतं रॉन पॉल यांना पडली, जे कॉकसमध्ये तिसरे होते. त्यांची माणसं चिठ्ठी टाकून घरी गेली नव्हती. प्रतिनिधी निवडायच्या रटाळ बैठकांना ती शेवटपर्यंत बसून राहिली. देव पाण्यात घालून बसण्याआधी अशा बैठकांना बसायची सवय करा.

न्यू हॅम्पशायरबद्दल फार लिहीत नाही. तिथे तुमचं काही होत नाही. आयोवा जिंकून आलेले हकाबी तिथे ११ टक्क्यांवर थांबले, सँटोरम नवावर. एकच सूचना: पॅनकेक उडवू नका. २००० साली गॅरी बाउअर हे असेच सज्जन उमेदवार मतदानाच्या तोंडावर पॅनकेक उडवण्याच्या कार्यक्रमाला गेले, उंच उडालेला पॅनकेक झेलायला मागे सरकले आणि मंचाच्या मागच्या बाजूने दिसेनासे झाले. इजा झाली नाही. मतंही पडली नाहीत.

आता साउथ कॅरोलायना. इथे मात्र थांबून नीट वाचा. हे राज्य कागदावर तुमचं आहे. इव्हँजेलिकल आयोवाहून जास्त, चर्चं कोपऱ्याकोपऱ्यावर. आणि भाविक उमेदवार नेमका इथेच आपटतो. रॉबर्टसन इथे तिसरे आले. हकाबी तीन टक्क्यांनी हरले, कारण फ्रेड थॉम्पसन नावाचे एक नट-राजकारणी त्याच मतदारांतली १६ टक्के मतं घेऊन गेले. यावर उपाय म्हणून २०१२ला धर्ममार्तंडांनी टेक्सासमधल्या एका रँचवर बैठक घेतली आणि मतं फुटू नयेत म्हणून सँटोरम यांच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं.

मग उजाडली ती वर सांगितलेली १९ जानेवारी. सकाळी आयोवाचा निकाल सँटोरम यांच्या बाजूने फिरला. त्याच सकाळी आणखी एक उमेदवार रिक पेरी शर्यतीतून बाहेर पडले आणि त्यांनी पाठिंबा दिला न्यूट गिंग्रिच यांना. या गिंग्रिच यांची तीन लग्नं झालेली, आणि दुसऱ्या पत्नीने त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर सांगितलं होतं की तिसरीचं प्रकरण चालू असताना त्यांनी आपल्याला ते चालवून घ्यायला सांगितलं होतं. रात्री चार्ल्स्टनला वादसभा होती. सूत्रसंचालकाने पहिलाच प्रश्न यावर विचारला. एखादा पापभीरू माणूस तिथे मान खाली घालून क्षमा मागता. गिंग्रिच यांनी विचारणाऱ्याचीच हजेरी घेतली, पत्रकार कसे हलकट असतात ते ऐकवलं, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. एकपत्नीव्रती, सात मुलांचे बाप सँटोरम त्याच मंचावर उभे होते. दोन दिवसांनी गिंग्रिच ४० टक्के, सँटोरम १७.

नवशिक्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. उपदेशक मतदाराच्या गावात आहेच, तो दर रविवारी भेटतो. वॉशिंग्टनला पाठवायला त्याला दांडगा माणूस हवा असतो. हे आजचंही नाही. १९७६ साली जिमी कार्टर, रविवारच्या शाळेत धर्म शिकवणारे, श्रद्धेत नव्याने जन्मलेला (‘बॉर्न अगेन’) ख्रिस्ती असं स्वतःला उघड म्हणवणारे, डेमोक्रॅट म्हणून निवडून आले. चारच वर्षांनी धर्मनिष्ठांच्या पुढाऱ्यांनी त्यांना सोडून रोनाल्ड रेगन यांचा हात धरला. रेगन घटस्फोटित, हॉलिवूडचे नट, चर्चला जाण्यात फारसे नियमित नाहीत. पण पाद्र्यांच्या सभेत जाऊन त्यांनी सांगितलं की तुम्हाला मला पाठिंबा देता येत नसला तरी माझा तुम्हाला आहे. एवढं पुरलं.

क्रूझ यांनी हे वाचलं असावं, पण अर्धंच. २०१५च्या मार्चमध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली ती व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठात, म्हणजे धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या गडावर. सभागृह भरगच्च होतं, कारण विद्यार्थ्यांना हजेरी सक्तीची होती. त्यातले काही, होऊ घातलेले प्रतिस्पर्धी रँड पॉल यांच्या नावाचे टी-शर्ट घालून बसले होते. दहा महिन्यांनी तिथेच डोनाल्ड ट्रम्प आले. बायबलमधलं ‘सेकंड कोरिंथियन्स’ त्यांनी ‘टू कोरिंथियन्स’ वाचलं, पोरं हसली. आठवड्याभरात विद्यापीठाच्या अध्यक्षांनी, थोरल्या फॉलवेल यांच्याच मुलाने, पाठिंबा दिला तो ट्रम्प यांना. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि त्या राज्याचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी मिळाले. तिथला नियमच तसा आहे. साडेबत्तिसात पन्नास कसे, हे ज्याला आधी कळतं तो मे महिन्यापर्यंत टिकतो. क्रूझ मेपर्यंत टिकले खरे, इंडियानात संपले.

कागदपत्रांचं काम भाविकांना आवडत नाही, म्हणून ते स्वतंत्र सांगतो. व्हर्जिनियात मतपत्रिकेवर यायला दहा हजार सह्या लागत. सँटोरम यांना त्या जमल्या नाहीत, म्हणून तिथे त्यांचं नावच नव्हतं. ओहायोत ते रॉमनींपेक्षा एका टक्क्याहूनही कमी फरकाने मागे राहिले, पण तीन मतदारसंघांत त्यांच्या प्रतिनिधींची नावं भरायचीच राहून गेली होती. जिंकले असते तरी तिथलं पुण्य खात्यावर जमा झालं नसतं.

तोंड सांभाळा, हेही आलंच. धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याविषयी केनेडींनी १९६०मध्ये केलेलं भाषण वाचून आपल्याला ओकारी येते, असं सँटोरम मिशिगनच्या मतदानाआधी बोलून गेले. केनेडी कॅथलिक, सँटोरमही कॅथलिक. मिशिगनच्या कॅथलिकांनी जास्त मतं दिली रॉमनींना, जे मॉर्मन आहेत.

आपल्यातल्या कुणाला हुरूप आला असेल तर दोन वाटा चोखाळून झालेल्या आहेत. बॉबी जिंदल हिंदू घरातून कॅथलिक झाले आणि २०१६च्या शर्यतीत आयोवापर्यंतही पोचले नाहीत. विवेक रामस्वामी हिंदूच राहिले, आपला देव आणि तुमची मूल्यं कशी एकच आहेत हे काउंटीकाउंटीत समजावत हिंडले आणि आठ टक्क्यांच्या आत राहिले.

वरचं सगळं जमलं तरी एक धोक्याची सूचना. २०२४ला आयोवाचं कुलूपही उघडेनासं झालं. रॉन डीसँटिस सगळ्या ९९ काउंट्या फिरले, राज्यपालांचा आणि इव्हँजेलिकल पुढाऱ्यांचा पाठिंबा मिळवला. ट्रम्प यांना ५१ टक्के मतं मिळाली आणि ९९पैकी ९८ काउंट्या. उरलेली एक निकी हेली यांनी एका मताने घेतली. सगळ्यांत भाविक म्हणावेत असे माइक पेन्स कॉकसपूर्वीच, ऑक्टोबरातच, घरी गेले होते.

उत्तरपूजा. हरल्यावर हातपाय गाळायचे नाहीत, फळ असतंच. रॉबर्टसन यांनी पुढच्याच वर्षी ख्रिश्चन कोअलिशन ही संघटना उभी केली आणि पुढची काही वर्षं पक्षाला धाकात ठेवलं. हकाबींना दूरचित्रवाणीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला, आणि बऱ्याच वर्षांनी ट्रम्प यांच्याकडून इस्रायलची राजदूतकी. दुसऱ्यांदा उभं मात्र राहू नका. २०१६ला हकाबी आयोवात दोन टक्क्यांच्या आत होते, सँटोरम एक टक्का. सँटोरम यांनी लगेच मार्को रुबियोंना पाठिंबा जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात त्यांना विचारलं गेलं की रुबियोंनी सिनेटमध्ये केलेलं एक काम सांगा. ते आठवत राहिले. तेव्हा पाठिंबा देण्याआधी त्या माणसाचं एक तरी काम कागदावर लिहून खिशात ठेवा.