सूतभर अण्णा

गावात काही उंच उभं करायचं ठरलं की अण्णा येतात. बोलवावं लागत नाही. हाताला माती लागू न देता दहा जणांना घामाघूम करणारा हा माणूस तुमच्याही गावात असणारच. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना सूतभर अण्णा म्हणतात, अर्थात पाठीमागं.

कारण अण्णांना जगातली कोणतीही वस्तू सरळ दिसत नाही. लग्नाचा मांडव? "सूतभर दक्षिणेला कललाय." भिंतीवरचा वारलेल्या आजोबांचा फोटो? सूतभर. एका लग्नात मंगलाष्टकं संपत आलेली, अक्षता मुठीत, आणि मागून अण्णा: "अंतरपाट नवरीकडून सूतभर वर घ्या." नवरीच्या मामानं घेतलासुद्धा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो अण्णांना मोतीबिंदूच्या डोळ्यानं रस्त्यापलीकडून दिसतो.

यंदा सप्ताहाच्या आधी मारुतीपुढची झेंड्याची काठी बदलायची होती. जुनी वाळवीनं बुडातून खाल्लेली. नवं लाकूड सागाचं, 30 फुटी, बुडाला डांबर फासलेलं. तरुण मंडळाचा हिशेब सोपा होता: तीन फूट खड्डा, शेंड्याला दोर, दोर ट्रॅक्टरला, झाली काठी उभी.

अण्णांनी खड्ड्यात डोकावलं. "अजून काळीच हाय की. मुरूम लागस्तोवर जावा. लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत पायजे."

म्हणजे पाच फूट. पोरं कुरकुरली, पण खणू लागली. आमच्याकडची काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यात वरवर पुरलेलं काहीही एक-दोन पावसाळ्यांत मान टाकतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पाच फूट झाले. मग अण्णांनी आडव्या काठीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत पावलं टाकली आणि तेवढीच पावलं खड्ड्यापासून रस्त्याकडं. शेवटचं पाऊल अकरा हजार व्होल्टच्या तारांखाली पडलं.

"बुजवा खड्डा."

त्यानंतर अण्णांबद्दल जे बोललं गेलं ते मारुतीच्या आवारात शोभणारं नव्हतं. तरी दुपारपर्यंत देवळाच्या मागल्या अंगाला दुसरा पाच फुटी खड्डा तयार झाला. काठी पुढं पडली नाही, त्यामुळं खरं कुणाचं याचा निकाल लागलेला नाही. पण तिथं जमलेल्यांत मान वर करून बघणारा हा एकटाच होता, एवढं नाइलाजानं नोंदवतो.

मग ट्रॅक्टर. ड्रायव्हरनं दोर ताणला आणि काठी उभी राहण्याऐवजी खड्डा ओलांडून फरफटत त्याच्या मागं निघाली.

"आडव्याला आडवं वडल्यावर आडवंच येणार की वो! काय करायलाव?"

आता सूत्रं रीतसर अण्णांकडं आली. खड्ड्याच्या एका बाजूनं उतरता चर काढला. समोरच्या अंगाला फळी उभी केली, म्हणजे बूड तिच्यावरून घसरत तळाला जावं आणि माती ढासळू नये. दोन बल्ल्यांची कैची बांधून शेंडा आधी डोक्याच्या वर उचलला, तेव्हा कुठं दोराला वर खेचायला जागा मिळाली. मागं आणि दोन्ही बाजूंना दोर धरून माणसं. काठीच्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये रांगत निघाला आणि काठी उठली. अगदी निमूटपणे उठली.

आणि अण्णांनी खिशातून ओळंबा काढला.

"सूतभर पूर्वेला." ट्रॅक्टर पुढं. "जास्ती झालं, सूतभर मागं." ट्रॅक्टर मागं. ऊन उतरलं. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "अण्णा, ह्याला सूतभर गिअर नसतोय."

दगड, मुरूम, पहारीनं ठासणं झालं. चहा आला. खणून खणून हाताला फोड आलेल्या एका पोरानं दिवसभराचा राग काढला: "एवढं मोजता, मग तुमचं किल्लारीकडचं घर कसं पडलं वो?"

कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. उशीर झाला होता.

"भिंत ओळंब्यातच होती," अण्णा म्हणाले. "बापानं बांधलेली. दोन हात रुंद. पण दगडाला दगड धरून नव्हता, मधी नुसती माती. वर माळवदाचं वझं." 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाच्या रात्रीनंतरची भूकंपाची पहाट, चार वाजायचे होते. "भिंती पडल्या. मेढी उभ्या होत्या. सकाळी बघितलं तर नुसत्या मेढी."

एवढ्या बोलण्यात सूत कुठं आलं नाही. पोरानं चहाचा कप खाली ठेवला आणि काही न सुचून "अण्णा, अजून साखर?" असं विचारलं.

अण्णांचं लक्ष वर गेलं होतं. सप्ताहाचा भोंगा कुण्या उत्साही माणसानं तेवढ्यात काठीला टांगला होता. "भोंगा कुणी बांधला रं? वजनानं वडायलंय तिला. बोलवा ट्रॅक्टर."

ट्रॅक्टर तिथंच होता. ड्रायव्हर मात्र कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून केव्हाच गेला होता, किल्ली घेऊन.