मांडी एक, लेकरं दोन

"मला पण मांडी."

थोरली अडीच वर्षांची आहे. धाकटा पाच महिन्यांना टेकलाय. त्याला पाजायला घेतलं की ती असेल तिथून धावत येते आणि हे तीन शब्द म्हणते. रडत नाही, हट्ट करत नाही, हक्क सांगते. माझ्या गुडघ्यावर एक पाय टाकते, बाळाचं डोकं कोपरानं हळूच सरकवते आणि उरलेल्या जागेत स्वतःला बसवून घेते. बाळ पिता पिता थांबतं, तिच्याकडे बघून हसतं, दूध हनुवटीवरून तिच्या फ्रॉकवर ओघळतं. ती ते तळहातानं पुसते आणि म्हणते, "सांडलं."

येणारे-जाणारे विचारतात, "काय गं, जेलस झालीस का?" हा प्रश्न मला आवडत नाही. दोन वर्षं अख्खी मांडी तिची होती. एका सकाळी अर्धी गेली, आणि तिला कुणी विचारलं नाही. तिनं आपली जागा मागितली तर त्याला मत्सर का म्हणायचं?

बंगळुरूत दोन लहानग्यांचं घर चालवताना काय काय कमी पडतं याची यादी लांब आहे. सगळ्यात आधी कमी पडते ती मांडी. घरात आई असते, बाप असतो, पण सकाळी अकरा वाजता दोन्ही लेकरांना एकदम कुशी हवी असते तेव्हा आई-बापांपैकी मोजून एकच मांडी घरात असते. दुसरी आउटर रिंग रोडवर सिग्नलला उभी असते.

आता हिशेब. २०१७ साली मातृत्व लाभाचा कायदा बदलला आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. मोठी गोष्ट झाली, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना तिचा आधार आहे. पण ते २६ आठवडे बाळंतपणाच्या आधीपासून मोजले जातात. आधीचे जास्तीत जास्त आठ घेता येतात. मी चार घेतले, कारण नववा लागल्यावर दोन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन ऑफिसच्या बसमागे धावणं शक्य नव्हतं. उरले बावीस. सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आमचे डॉक्टर सांगतात, लसीकरणाला गेलं की तिथली सिस्टरही बजावते. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. बावीस नव्हेत. मधले चार आठवडे थोरलीच्या नावावर गेले, आणि थोरलीचं नाव त्या कायद्यात कुठंच नाही. उलट दोन मुलांच्या पुढं रजा १२ आठवड्यांवर येते. घरात मुलं वाढली की काम वाढतं हे कुठल्याही मावशीला ठाऊक आहे.

पाळणाघराचं कलम आहे. ५० किंवा जास्त माणसं जिथं कामाला, तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यायला हवं. चार वेळा! ज्या कुणी हे लिहिलं त्याला पान्हा फुटणं म्हणजे काय ते माहीत असावं. पण माझ्या ऑफिसनं पाळणाघर दिलंय ते तीन किलोमीटरवर, दुसऱ्या एका संस्थेशी करार करून. बंगळुरूच्या रस्त्यावर तीन किलोमीटर चार वेळा जाऊन यायचं, तर काम कधी करायचं आणि पाजायचं कधी? पाळणाघर त्याच इमारतीत हवं, लिफ्टनं जाता येईल असं. कारखान्यांचा जुना कायदा १९४८ चा. त्यात ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं मुलांसाठी खोली ठेवा असं लिहिलेलं होतं. खोली. करार नव्हे.

आणि बाप? बापाचा रकानाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या पुरुषाला पंधरा दिवस मिळतात. खासगीत कंपनीच्या मनात येईल ते. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ सालीच लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं: बापाला पंधरा दिवसांची पगारी रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी. विधेयकाचा कायदा झाला नाही. २०२१ मध्ये सातव गेले. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आईचे २६ आठवडे तसेच राहिले, पाळणाघराची ५० माणसंही तशीच राहिली, आणि बाप तिथंही आला नाही.

हे मी रागानं लिहितेय, कारण बाप काय करू शकतो ते मी पाहिलंय. धाकट्याच्या वेळी मी तीन रात्री दवाखान्यात होते. थोरली जन्मापासून माझ्या कुशीशिवाय झोपलेली नव्हती. पहिल्या रात्री ती दीड वाजेपर्यंत रडली. दुसऱ्या रात्री अकरापर्यंत. तिसऱ्या रात्री नवऱ्याचा फोटो आला: तो आडवा, त्याच्या पोटावर ती पालथी, तोंड उघडं, एका मुठीत त्याचा बनियन. तीन रात्रीत एक मांडी तयार झाली होती. त्याला कंपनीनं दहा दिवस दिले. अकराव्या दिवशी तो गेला, रात्री नऊला परत आला, आणि थोरलीनं दारात त्याला विचारलं, "तू कुठं गेला होता?" त्यानं लॅपटॉपची बॅग उतरवलीसुद्धा नाही. तसाच खाली बसला.

दिवसभर मांडी देते ती माझी आई. सप्टेंबरात ती मिरजेहून आली, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रातोरात, डिंकाच्या लाडवांचा डबा, आळीव, खारीक आणि स्वतःच्या गुडघ्यांचा पट्टा घेऊन. पूर्वी बाळंतिणीपाशी सव्वा महिना बसायचं असायचं. आता आजीला सहा-सहा महिने यावं लागतं. तिकडं माझे बाबा दोन वेळच्या डब्यावर आहेत, त्यांची शुगर शेजारचे काका बघतात. "आईला नातवंडांत करमतं," असं आम्ही मुलं सगळीकडे सांगतो. करमतं, खरंच आहे. पण तिचं भजनी मंडळ, तिचा गल्लीतला कट्टा, तिची दुपारची झोप मिरजेत राहिली, हेही सांगायला हवं. ती सांगत नाही म्हणून मी सांगते.

इथं मात्र तिनं मला चकित केलं. मी बंगळुरूत सात वर्षं राहून भाजीवाल्याशी तोडकं बोलते. मिरजेच्या बाईला कन्नड येतंच. पहिल्याच दिवशी तिनं धुण्या-भांड्याच्या अक्काला विचारलं, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झालं का. इथले लोक 'ऊटा आयता' म्हणतात. अक्का रायचूरकडची. तिच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "नम कडी मंदी!" म्हणाली, आमच्याकडची माणसं. तेव्हापासून सकाळी दहाच्या चहाला दोघी ओट्यापाशी बसतात आणि थोरली मध्ये उभी राहून दोन्ही भाषा खाते. समोरच्या घरातल्या बाईंना ती 'अज्जी' म्हणते, आपल्या आजीला 'आजी'. एका अक्षराच्या वजनाचा फरक आहे, आणि तिचा तो कधी चुकत नाही.

परवा संक्रांतीला धाकट्याचं बोरन्हाण झालं. आईनं मिरजेहून हलव्याचे दागिने मागवले होते. समोरच्या अज्जी आल्या एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळगूळ, आणि एक कागदी पुडी घेऊन. पुडीत बोरं. त्या म्हणाल्या, आमच्यातही संक्रांतीला मुलांना 'एलची हण्णु' घालतात, उसाचे तुकडे नि चिल्लर मिसळून. मिरजेचं बोर नि इथल्या मल्लेश्वरमचं बोर एकाच वाटीत गेलं. आई पाटावर बसली, धाकटा मांडीवर, गळ्यात हलव्याचा हार, आणि थोरली म्हणाली, "मला पण." मग तीही बसली. दोघांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या गेल्या. आईनं एका हातानं बाळाचं तोंड झाकलं होतं, एखादा चुरमुरा घशात जाऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं थोरलीची कंबर धरली होती. तिसरा हात नव्हता, म्हणून तिच्या स्वतःच्या डोळ्यात गेलेला तीळ तसाच राहिला. नंतर कितीतरी वेळ तिचा तो डोळा लाल होता.

अक्काचं सांगायचं राहिलं. तिला तीन वर्षांची मुलगी आहे. अक्का आमच्यासह चार घरची कामं करून दुपारी घरी जाते, तोवर मुलगी शेजारणीकडे. ती झाली तेव्हा अक्का दोन महिन्यांनी कामावर आली. आमचं घर कायद्याच्या लेखी आस्थापना नाही, म्हणून तिला २६ आठवडे नाहीत, पाळणाघर नाही, काहीच नाही. म्हणजे माझ्या लेकरांपाशी दोन घटका बसायला मला जी उसंत मिळते, ती तिच्या लेकरापासून उचललेली आहे. हे मला रोज सकाळी दार उघडताना आठवतं.

तिच्या मुलीसारख्यांसाठी कर्नाटकानं एक चांगलं काम केलंय. २०२३ च्या अर्थसंकल्पात 'कूसिना मने', म्हणजे तान्ह्यांचं घर, अशी ४००० पाळणाघरं जाहीर झाली. रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांची मुलं तिथं राहावीत म्हणून. पण ती ग्रामपंचायतींत. अक्का ग्रामपंचायत सोडून इथं आली. शहरात भांडी घासणारी आई ही खड्डे खणणाऱ्या आईपेक्षा कमी आई आहे का? प्रत्येक वॉर्डात एक खोली, दोन ताया, सकाळी सात ते संध्याकाळी सात. अंगणवाड्या याच राज्यात टी. नरसीपूरला १९७५ साली पहिल्या खेपेत सुरू झाल्या होत्या. पन्नास वर्षांची सवय आहे या राज्याला, जमेल.

आम्ही अक्काला म्हटलं, मुलीला घेऊनच ये. आणली. तर आमच्या गेटवर अडवलं: कामवाल्यांच्या पासावर मुलाची नोंद होत नाही. मी धाकट्याला खांद्यावर टाकून खाली गेले आणि पोरीचा हात धरून वर घेऊन आले. आता तिचं नाव पासावर आहे. एक अर्ज आणि तीन फोन लागले.

बाहेरचं थोडक्यात. धाकटा जन्मला त्याच महिन्यात या शहराच्या एका महापालिकेच्या पाच झाल्या. आमच्या गल्लीतला फुटपाथ अजून ट्रान्सफॉर्मरपाशी संपतो. पुढं बाबागाडी रस्त्यावर उतरवावी लागते, बसच्या चाकाशेजारून. म्हणून बाबागाडी बाल्कनीत आहे आणि बाळ झोळीत. थोरलीला पळायला जागा हवी म्हणून रविवारी लालबागेत जातो. २४० एकर आहेत, तिथं तिचा हात सोडता येतो. आठवड्यातून तेवढा एक तास मी तिचं मनगट धरलेलं नसतं.

थोरली आठ महिन्यांची होती तेव्हा, मार्च २०२४ मध्ये, नळाला पाणी नव्हतं. टँकरच्या पाण्यात लंगोट धुणं परवडेना, म्हणून आम्ही डायपरवर आलो ते आलोच. तो वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर लाल खूण करायची, लाल डब्यात टाकायचा: हे सगळं नियमानं ठरलेलं आहे आणि मी मनापासून पाळते, कारण पुढं तो कुणीतरी हातानं उचलतं. प्रत्येक डायपर गुंडाळायला कंपनीनं पाकिटात वेष्टण द्यावं हेही २०१६ च्या नियमांत सांगितलं होतं. ते मात्र माझ्या पाकिटात कधी सापडलेलं नाही.

आता स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. ९ फेब्रुवारीवर निळा गोल आहे, त्या सोमवारी मी कामावर रुजू होणार. ५ तारखेवर आईच्या अक्षरात 'चन्नम्मा' लिहिलंय. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तिला गेलंच पाहिजे. ती १८ ला परत येईल. नऊ ते सतरा, नऊ दिवस. दूध काढून ठेवायचा सराव मी सुरू केलाय, थोरलीच्या नाचणीच्या पिठाचे डबे भरून ठेवलेत, समोरच्या अज्जींनी दुपारचे दोन तास आपणहून मागून घेतलेत.

बाकीच्या वेळेसाठी नवऱ्यानं रजेचा अर्ज केलाय. कारणाच्या जागी त्यानं स्वच्छ लिहिलं: 'मुलं सांभाळायची आहेत.' मंगळवारी दिला. आज शनिवार, अजून उत्तर नाही.