चवीपुरतं मीठ

कुंपणाने शेत खाल्ल्याची उदाहरणं आपल्याला नवी नाहीत. पण कुंपणानेच मसाला वाटून, फोडणी घालून शेत खावं, हे रशियाने करून दाखवलं. ग्रिगोरी रॉडचेन्कोव्ह हे मॉस्कोच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक. काम चोर पकडण्याचं. त्यांनी तीन स्टेरॉइडांचं मिश्रण स्वतःच तयार केलं आणि त्याला नाव मिळालं ‘डचेस’. पुरुष खेळाडूंना ते व्हिस्कीतून, बायकांना व्हर्मूथमधून. आवडीनिवडी जपाव्यात तर अशा!

खरी कला २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये दिसली. रात्री प्रयोगशाळेच्या भिंतीतल्या उंदराच्या बिळाएवढ्या भोकातून लघवीच्या बाटल्या शेजारच्या खोलीत जायच्या. झाकणं स्विस बनावटीची, कुणाच्या बापाला न उघडणारी. गुप्तहेर खात्याच्या माणसांनी ती उघडली. मग आत काही महिन्यांपूर्वी गोठवून ठेवलेली सोवळी लघवी भरायची. घनता जुळत नसेल तर मीठ, चवीपुरतं.

मीठच जास्त झालं. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या मॅक्लॅरेन यांच्या २०१६ च्या अहवालानुसार काही नमुन्यांत माणसाच्या शरीरात असूच शकत नाही इतकं मीठ होतं. आणि महिला आइस हॉकीच्या दोन खेळाडूंच्या नमुन्यांत चक्क पुरुषाचा डीएनए! घाईत बरण्या बदलतात हो, होतं असं.

शिक्षा कडक झाली. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये रशियाचा झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही. रशियाचे खेळाडू मात्र होते, ‘रशियातून आलेले ऑलिंपिक खेळाडू’ या नावाने. पुरुषांच्या आइस हॉकीचं सुवर्णपदक त्यांनीच जिंकलं. ध्वनिक्षेपकावर ऑलिंपिक गीत वाजत होतं आणि ते राष्ट्रगीत गात होते.