भाऊसाहेबांची स्थळपाहणी

पौडचे आमचे भाऊसाहेब तलाठी म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली. पण कुणी नुसता रामराम घातला तरी ते अजून आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतात. त्यांचाही दोष नाही. भुगाव-पिरंगुटला जमीन गुंठ्यावर विकली जायला लागली, हिंजवडी-माणच्या भातखाचरांत काचेच्या इमारती उगवल्या, त्या दिवसांत यांनी मुळशीत दप्तर सांभाळलंय. मेलेला माणूस येऊन अंगठा देऊन गेलेलाही त्यांनी पाहिलाय म्हणे.

नातवानं हिंजवडीत नोकरी लागल्यावर आपला जुना लॅपटॉप आजोबांना दिला. आजोबांनी भजनं ऐकावीत, एवढाच हेतू. आजोबांनी भजनं सोडून टास्क मॅनेजर शोधून काढला. आता रोज सकाळी चहा झाला की कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. मग चष्मा, मग लाल फडक्यात बांधलेली वही, आणि आत कोण कोण बसलंय त्याची नोंद.

परवा मला हाक आली. "मास्तर, जरा या. हा कोण?"

यादीत वरतीच नाव होतं : अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल.

"मी याला बोलावलेलं नाही. पडद्यावर कुठं दिसत नाही. आणि तीस टक्के सीपीयू खाऊन बसलाय."

"राखणदार आहे, भाऊसाहेब. मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर. विंडोजबरोबरच येतो. तुम्ही फाइल उघडली की आधी तो तपासतो. लॅपटॉप नुसता पडून असला की मोकळा वेळ बघून सगळीच झडती घेतो, म्हणून पंखा ओरडतो."

"राखणदार ना? मग जा म्हटलं तर जात का नाही?" त्यांनी एंड टास्क दाबून दाखवलं. ॲक्सेस डिनाइड. "मालकालाच परवानगी नाही! मास्तर, हे कूळ आहे. 1 एप्रिल 1957 ला जो कसत होता तो मालक झाला, ठाऊक आहे ना? हा आत बसून कसतोय."

मी समजावलं, की व्हायरस आत शिरला की आधी राखणदाराचाच गळा धरतो. म्हणून याला हुसकावणं मुद्दाम अवघड करून ठेवलंय.

"म्हणजे मालक आणि चोर त्याला सारखेच?"

यावर मायक्रोसॉफ्टकडे उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं. शिवाय कंपनी न विचारता जमिनीत शिरते आणि मग निघत नाही, हे मुळशीकराला मी काय सांगणार? टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली इथं सत्याग्रह झाला, त्यातूनच बापटांना सेनापती हे नाव मिळालं. धरण मात्र झालंच.

"तर स्थळपाहणी करू," भाऊसाहेब म्हणाले.

इथं मात्र त्या माणसाला मानलं. त्यांनी नावावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन दाबलं आणि पत्ता अक्षर अन् अक्षर वहीत उतरवला : सी ड्राइव्ह, प्रोग्रॅमडेटा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर, प्लॅटफॉर्म. प्रोग्रॅमडेटा हे फोल्डर एरवी लपवलेलं असतं, हे कळल्यावर भुवई वर गेली, पण लेखणी थांबली नाही. मग प्रॉपर्टीज, मग डिजिटल सिग्नेचर्स. सही मायक्रोसॉफ्टची, वैध. "नावावर जायचं नसतं मास्तर. एका नावाचे चार इसम एका वाडीत असतात. गट नंबर बघायचा आणि सही बघायची." हिंजवडीतला सुरक्षावालाही हेच सांगेल, फक्त पगार घेऊन. एसव्हीसीहोस्ट नावाच्या प्रोसेस यादीत डझनावारी दिसतात, त्यात काही वावगं नाही. खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम32 मध्ये राहते. तीच टेम्प फोल्डरात सापडली, किंवा नावातलं एखादं अक्षर मागंपुढं झालेलं दिसलं, तर तोतया. भाऊसाहेबांनी हे ऐकून घेतलं आणि त्या डझनभरांचेही पत्ते लिहायला घेतले. आतून काकूंनी पोहे गार झाल्याचं दोनदा कळवलं.

पण पत्ता बरोबर, सही बरोबर, म्हणून संशय फिटला असता तर ते भाऊसाहेब कसले! "कागद बरोबर असला की मला जास्त भीती वाटते," ते म्हणाले.

मी म्हटलं, परका नको असेल तर आपला पुण्याचा घ्या, क्विक हील. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर, रेडिओ दुरुस्त करायचे. धाकट्या संजयनं नव्वदच्या दशकात अँटीव्हायरस लिहिला. 2016 साली कंपनी शेअर बाजारात गेली.

"मूळ गाव?"

"रहिमतपूर."

"म्हणजे तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा." चेहरा जरा निवळला. लगेच पुन्हा आवळला. "दोन सख्खे भाऊ, एकच धंदा, आणि खातेफोड नाही?"

"तो घातलात की डिफेंडर आपणहून बाजूला होतो."

"भांडण न करता ताबा सोडतो? मग काहीतरी घेतलं असणार."

गंमत अशी, की याच लॅपटॉपवर तीन टूलबार आणि फुकटचा एक 'पीसी वेगवान करा' सुखानं नांदत होते. त्यांच्यावर भाऊसाहेबांचा काडीचा राग नाही. "त्यांनी आय ॲग्री म्हणून विचारलं होतं. मी संमती दिलीय. रीतसर आहेत ते."

शेवटी राखणदार जागा असतो हे दाखवायला मी आयकार चाचणी काढली. 68 अक्षरांची एक ओळ, बिलकुल निरुपद्रवी. पण व्हायरस समजून पकडायची, असं अँटीव्हायरसवाल्यांनी आपसांत ठरवलेलं. भाऊसाहेबांनी ती एका बोटानं नोटपॅडमध्ये उतरवली आणि सेव्ह केली. काही झालं नाही.

"झोपलाय!" एवढे खूश ते नातू झाला तेव्हाही नव्हते.

मी ओळ वाचली. तिसरं अक्षर इंग्रजी ओ हवं होतं. त्यांनी शून्य मारलं होतं. दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केलं, तशी फाइल गायब आणि कोपऱ्यात पाटी : धोका सापडला, कारवाई केली. मी छाती काढून बघितलं.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ती ओळ निरुपद्रवी होती, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"हो."

"निरपराधाला उचललं. नोटीस नाही, हरकतीला पंधरा दिवस नाहीत, तलाठ्याला कळवणं नाही." त्यांनी लाल फडक्यातून दुसरी वही काढली. वर लिहिलं होतं, गाव नमुना सहा-अ, विवादग्रस्त प्रकरणे. "सुनावणी सोमवारी ठेवतो. साक्षीदार तुम्ही. येताना आधार कार्ड आणा."